चिगुसा : सातशे वर्षांची चहाची बरणी, आणि तिचं मोठेपण नेमकं कोणाचं?

माळावरची (धागाकर्ती)

वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयात 'चिगुसा' नावाची एक बरणी आहे. उंची ४१.६ सेंटीमीटर, घेर भरदार, खांद्यावर दोरी ओवायला चार कान. अंगावर तपकिरी-मधाळ झिलई. तीही सगळीकडे सारखी नाही, कुठे ओघळलेली, कुठे फुगे येऊन बसलेले. तळाकडे झिलई संपते आणि उघडी माती दिसते. नक्षी नाही, चित्र नाही, सोनं नाही.

तेराव्या शतकाचा मध्य ते चौदाव्या शतकाचा मध्य या दरम्यान कधीतरी ती दक्षिण चीनमध्ये, बहुधा ग्वांगडोंग प्रांतात, घडली. तिथे अशा बरण्या माल भरून जहाजावर चढवण्यासाठी ढिगांनी बनत. त्यातली ही एक जपानला पोचली, आणि तिथे चहाची पानं साठवण्यासाठी वापरात आली. मग तिचं नशीबच पालटलं. सोळाव्या शतकात साकाई बंदरातले धनिक व्यापारी तिला चहाच्या बैठकीत मांडत. आलेले पाहुणे तिला निरखून बघत आणि घरी गेल्यावर रोजनिशीत तिचं वर्णन लिहीत. माती कोणत्या रंगाची, झिलई कुठवर आली, ओघळ कसे आहेत. तिला स्वतःचं नाव मिळालं. तोंडावर बांधायला जरीच्या चिनी रेशमाचं वस्त्र, अंगावर रेशमी जाळी, दोऱ्या, आणि ठेवायला एकात एक बसणाऱ्या पेट्या. चहाचा थोर आचार्य सेन नो रिक्यू याचं एक पत्रही तिच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जपलं गेलं. तळावर शाईने काढलेली चार हस्तचिन्हं आहेत. त्यातलं एक पंधराव्या शतकातल्या नोआमीचं मानतात. तो आशिकागा शोगुनांच्या (जपानच्या लष्करी सत्ताधीशांच्या) पदरी कलावस्तूंचा पारखी होता.

चार खुणा आहेत, पण घडवणाऱ्याची एकही नाही.

माझं मत सांगते. या बरणीचं मोठेपण वापरणाऱ्यांचं आहे. ग्वांगडोंगच्या भट्टीतून निघाली तेव्हा ती शेकड्यातली एक होती. पाचशे वर्षं माणसांनी तिच्याकडे लक्ष देऊन पाहिलं, म्हणून ती चिगुसा झाली. तुम्हाला काय वाटतं? आणि या चहाच्या बरण्यांबद्दल (जपानीत चात्सुबो) कोणाला प्रत्यक्ष काही माहिती असेल तर सविस्तर लिहा.

---

कोकणकडा

फोटो पाहिला. आमच्या आजोळी माळ्यावर लोणच्याची जी मोठी चिनीमातीची बरणी आहे, तिचीच थोरली बहीण वाटली. आजी तोंडाला फडकं बांधून सुतळीने आवळायची. इथे जरीचं रेशीम, एवढाच फरक!

---

तिसरी_घंटा

मोठेपण ना घडवणाऱ्याचं, ना वापरणाऱ्याचं. ते सत्तेचं आहे. सोळाव्या शतकात जपानमध्ये चहाची भांडी ही राजकारणातली नाणी होती. ओदा नोबुनागा हा सेनानी १५६८ मध्ये राजधानी क्योतोत शिरला, तेव्हा साकाईचा व्यापारी इमाइ सोक्यू याने त्याला काय नजर केलं? 'मात्सुशिमा' नावाची चहाची बरणी आणि चहाच्या भुकटीची एक नामांकित कुपी. शहर वाचवायचं, व्यापार टिकवायचा, तर भांडी द्यायची. नोबुनागा तीच भांडी पुढे पराक्रमी सरदारांना बक्षीस द्यायचा. जमीन मोजकी असते, ती वाटून संपते. मातीच्या बरणीला जमिनीची किंमत आणली की बक्षिसाला तोटा नाही.

१५८२ मध्ये होन्नोजी मंदिरात नोबुनागाचा शेवट झाला. त्या आगीत मात्सुशिमा आणि 'मिकाझुकी' ही दुसरी नावाजलेली बरणीही गेली असं सांगतात. ज्याने मोठं केलं, त्याच्याबरोबरच गेल्या.

---

भट्टीवाला

मी स्टोनवेअरचं (कडक भाजलेल्या मातीच्या भांड्यांचं) काम करतो, त्यामुळे धागाकर्तीच्या मताला माझा स्पष्ट विरोध नोंदवतो.

'शेकड्यातली एक' म्हणताना तिथे काय कौशल्य लागतं ते बघा. चाळीस सेंटीमीटर उंचीचं, एवढ्या पोटाचं भांडं, भिंत सगळीकडे जवळपास सारखी, तोंड आखूड आणि खांदा असा गोल की वरची माती बसत नाही, खचत नाही. १२०० अंशांच्या वर भाजायचं, आणि तेही लाकडाच्या भट्टीत, जिथे पुढच्या भांड्याला एक आच लागते आणि मागच्याला दुसरी. हे सहज घडत नाही. ढिगांनी घडत होतं याचा अर्थ ते सोपं होतं असा नाही. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत होते आणि त्यांचा हात तयार होता, असा त्याचा अर्थ.

झिलईबद्दल. तो तपकिरी रंग लोहाचा. झिलई खालपर्यंत नेत नाहीत त्याला कारण आहे. ती वितळून ओघळते आणि भांडं भट्टीच्या फरशीला चिकटतं. म्हणून खाली कोरी माती सोडायची. चहावाल्यांनी जी 'झिलई जिथे थांबली ती रेषा' एवढ्या प्रेमाने रोजनिशीत उतरवली, ती रेषा कुंभाराने ठरवून सोडलेली जागा आहे. फुगे हे मातीतून किंवा झिलईतून वायू बाहेर पडताना येतात. भट्टीचं गणित किंचित हललं की येतात. तेही त्याच्याच भट्टीतले.

पाहणाऱ्यांनी पाहिलं, मान्य. पण पाहण्यासारखं काही होतं म्हणून पाहिलं.

---

चहामळा

भट्टीवाल्यांना +१, पण वेगळ्या कारणाने.

माझी नोकरी चहाच्या धंद्यातली, आसामात आणि कोलकात्यात. चहाच्या पानाचे दोन शत्रू, ओल आणि वास. कारखान्यातून निघताना पानात ओल तीन टक्क्यांच्या आसपास असते. ती वाढू लागली की चहा मेला. आणि शेजारी मसाला, साबण, रॉकेल काहीही ठेवा, चहा तो वास ओढून घेतो. म्हणून पूर्वी प्लायवूडच्या पेट्यांना आतून धातूचा पातळ पत्रा लावत. आता अनेक पदरी कागदी गोण्या येतात, त्यांनाही आत तसंच अस्तर.

पत्रा नसताना सातशे वर्षांपूर्वी काय वापराल? लाकूड वास धरतं आणि फुगतं. साधी भाजलेली माती पाझरते. उरतं ते असं कडक भाजलेलं, झिलई दिलेलं, अरुंद तोंडाचं भांडं. जपान्यांनी शेकडो चिनी बरण्यांतून ज्या निवडल्या, त्या आधी चहा चांगला राखणाऱ्या असणार. दिसण्याचं कौतुक त्यानंतर.

एक प्रश्न. ते त्यात पानं ठेवत की माचाची (हिरव्या चहाची) भुकटी?

---

ओसाकावासी

पानं. इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी इथे चहाविधी शिकते.

भुकटी ठेवायची भांडी वेगळी. गाढ चहासाठी हातात मावणारी सिरॅमिकची छोटी कुपी म्हणजे चाइरे, आणि पातळ चहासाठी बहुधा लाखेचा डबा. चात्सुबो ही त्यांच्या आधीची पायरी. वर्षभराच्या पानांचं कोठार.

क्रम असा. वसंतात मळ्यावर आच्छादन घालून झाडं सावलीत ठेवतात. मग कोवळी पानं खुडायची, वाफवायची, वाळवायची. वळायची मात्र नाहीत. देठ-शिरा काढल्या की जे सपाट तुकडे उरतात त्यांना तेंचा म्हणतात. ज्याच्या त्याच्या घरची बरणी क्योतोजवळच्या उजी गावातल्या चहाव्यापाऱ्याकडे जायची. तो उत्तम प्रतीची पानं कागदाच्या लहान पिशव्यांत भरून मधोमध ठेवायचा आणि भोवती दुय्यम प्रतीची सुटी पानं दाबून भरायचा. ती सुटी पानं पातळ चहाला उपयोगी पडत, आणि आतल्या पिशव्यांचं रक्षणही करत. मग तोंडाला लाकडी बूच आणि त्यावर कागद चिकटवून मोहोर.

उन्हाळा संपेपर्यंत ती उघडायची नाही. नव्या पानाचा जो हिरवट उग्रपणा असतो तो त्या महिन्यांत निवतो. नोव्हेंबरच्या सुमाराला, जमिनीतली चूल उघडायची वेळ येते, तेव्हा 'कुचिकिरी' होतं. म्हणजे मोहोर कापणं. तो चहावाल्यांचा वर्षारंभ. बरणी आधी देवळीत मांडलेली असते, वस्त्र बांधून. यजमान पाहुण्यांसमोर सुरीने कागद कापतो, हवी तेवढी पानं काढतो, बरणी परत बंद करून स्वतःचा मोहोर लावतो. पाहुणे जेवत असतात तेव्हा आत दगडी जात्यावर ती पानं दळली जातात, आणि त्याचा आवाज बैठकीत येतो.

मी एका कुचिकिरीला मदतनीस म्हणून होते. (ती बरणी नवी होती, नामांकित वगैरे नाही.) कागद कापल्यावर जो वास येतो त्याने बोलणं थांबलं सगळ्यांचं. तेव्हा कळलं की बैठकीत मानाची जागा या बरणीला का देतात. वर्षभराचा चहा तिच्या पोटात असतो. ती नीट नसेल तर पुढचं काहीच नीट होत नाही.

---

चहामळा

@ओसाकावासी, अतिशय आभार. दुय्यम पानांच्या वेष्टणात उत्तम पान ठेवण्याची युक्ती पहिल्यांदा ऐकली आणि ती शंभर टक्के पटते. बाहेरून ओल शिरलीच तर आधी भोवतालची पानं ती शोषतील.

---

पोपटपंची

म्हणजे वर्षाचा चहा नोव्हेंबरात उघडायचा? आमच्याकडे अर्धा किलोचा पुडा आणला की दहा दिवसांत पाहुणे संपवतात. मोहोर लावायची सोय आमच्या सौ. ना दाखवतो. :)

---

तिसरी_घंटा

ओसाकावासींचा प्रतिसाद सुंदर, पण सत्तेचा मुद्दा तिथेच आहे. उजीहून एदोला (आजचं तोक्यो) शोगुनच्या बरण्या जायच्या, त्या मिरवणुकीबद्दल वाचा. १६३३ पासून ती पद्धतशीर सुरू झाली आणि शोगुनशाही संपेपर्यंत चालली. रिकाम्या बरण्या एदोहून उजीला जायच्या आणि भरून परत. वाटेतल्या गावांनी रस्ते झाडायचे, लोकांनी बाजूला होऊन वाकायचं, मोठमोठ्या दाइम्योंनीही (सरंजामदारांनीही) वाट द्यायची. का? आत शोगुनचा चहा आहे म्हणून. लहान मुलांचं एक खेळगाणं तिथे अजून म्हणतात. मिरवणूक आली की पटापट दारं लावून घ्यायची, ही भीती त्यात आहे असं लोक मानतात. शेतीच्या ऐन दिवसांत रस्ते झाडायला लागणाऱ्या शेतकऱ्याला 'झिलईच्या ओघळांचं सौंदर्य' सांगून बघा.

---

ओसाकावासी

तो जाच खरा आहे, नाकारत नाही. पण त्या मिरवणुकीतल्या बरण्या चिगुसासारख्या जुन्या चिनी बरण्या असतील असं चित्र नको. एदो काळात शोगुनच्या कामासाठी शिगाराकी या कुंभारगावच्या बरण्या घेत. चार कानांच्याच, वर लोहाची तपकिरी झिलई आणि कमरेला पांढुरका पट्टा. त्यांना 'पांढऱ्या कमरेची बरणी' म्हणतात. शिगाराकी क्योतोपासून जवळ, माती जाड आणि कणखर. म्हणजे तोवर कामाची बरणी जपानी झाली होती.

आणखी एक. त्या बरण्या भरल्या की थेट एदोच्या उकाड्यात नेत नसत. सुरुवातीच्या काळात क्योतोच्या आतागो डोंगरावर उन्हाळाभर ठेवत, नंतर काइ प्रांतातल्या तानिमुरा इथे. डोंगराची थंड हवा. ही काळजी सत्तेपोटी घेतली असेल, पण चहाचं शास्त्र पक्कं होतं.

---

सांतइनेज

गोव्याचा धागा जोडतो, कारण तो खराच आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचं मोठं जहाज गोव्याहून निघून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जायचं. त्याच वाटेने जेझुइट (कॅथलिक मिशनरी) गेले. अलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटालियन पाद्री १५७४ मध्ये गोव्याला उतरला आणि १५७९ मध्ये जपानला पोचला. पूर्वेकडच्या सगळ्या मिशनांची देखरेख त्याच्याकडे होती. क्युशूच्या बुंगोचा दाइम्यो ओतोमो सोरिन याने त्याला चहाची एक छोटी मातीची कुपी दाखवली. (ओसाकावासींनी वर सांगितलं ते चाइरे, बरणी नव्हे.) वालिन्यानोने लिहून ठेवलंय की आपल्याकडे हिचा उपयोग पिंजऱ्यातल्या पाखराला पाणी ठेवण्यापलीकडे झाला नसता, आणि यांनी तिच्यासाठी ९,००० तैल (तैल हे वजनाचं माप) चांदी मोजली!

पण तो चक्रावला तरी त्याने हेटाळणी केली नाही. जपानमधल्या जेझुइटांच्या घरांत चहाची खोली असावी, पाहुण्याला रीतीप्रमाणे चहा द्यावा, अशी व्यवस्था त्यानेच घालून दिली. पुढे झुवांव रॉद्रिगिश या पोर्तुगीज जेझुइटाने जपानी चहाविधीवर इतकं बारकाईने लिहिलं की अभ्यासक आजही ते वापरतात.

मला यातलं मोलाचं वाटतं ते हे: वालिन्यानोचे डोळे तेच, कुपी तीच, तरी त्याला ती दिसली नाही. ती बघायला काहीतरी शिकावं लागतं. म्हणून माझं मत धागाकर्तीच्या बाजूने.

---

भट्टीवाला

@सांतइनेज, उदाहरण जबरदस्त आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. कुपी आधीपासूनच चांगली होती. वालिन्यानोला दिसली नाही म्हणून तिचं चांगलेपण कमी झालं का?

---

कोकणकडा

लुझोनच्या बरण्यांचा किस्सा कोणी कसा सांगितला नाही अजून? साकाईचा व्यापारी नाया सुकेझाएमोन १५९४ मध्ये फिलिपाइन्सच्या लुझोन बेटावरून ५० बरण्या घेऊन आला. नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीने त्या ओसाकाच्या किल्ल्यात मांडल्या, प्रत्येकीला किंमत लावली, आणि सरदारांची ही झुंबड. त्या बरण्याही मुळात दक्षिण चीनच्याच, लुझोनमध्ये घरोघर पाण्याला, धान्याला वापरलेल्या. स्पॅनिश अधिकारी आंतोनियो द मोर्गा याने १६०९ मध्ये छापलेल्या इतिहासात लिहिलंय की जपानी लोक या जुन्या बरण्या शोधत फिरतात, चहा त्यात टिकतो म्हणून काहीच्या काही पैसे देतात.

तिसरी_घंटांच्या बाजूने गेलं ना हे? एका माणसाने किंमत ठरवली आणि बाजार हलला.

---

तिसरी_घंटा

अगदी. आणि फ्लोरेन्सचा व्यापारी फ्रांचेस्को कार्लेत्ती १५९७ मध्ये मनिलाहून नागासाकीला गेला, तेव्हा बंदरावर अधिकाऱ्यांनी जहाजाची झडती घेतली. कशासाठी? अशा बरण्यांसाठी. हिदेयोशीला त्या स्वतः आधी घ्यायच्या होत्या.

---

ओसाकावासी

झडती घेतली, हे मान्य. पण झडतीतून सगळ्या बरण्या चिगुसा झाल्या नाहीत. ५० आल्या, त्यातल्या बहुतेकींची नावंही आज कोणाला माहीत नाहीत. चिगुसा हिदेयोशीने लादलेली नाही. साकाईतले चहावाले आपापसांत तिच्याबद्दल बोलत, लिहीत होते. हाकाताचा व्यापारी कामिया सोतान याच्यासारख्यांच्या रोजनिशा पाहा. कोणाकडे गेलो, देवळीत काय मांडलं होतं, जेवायला काय होतं, भांडं कसं होतं, असं सगळं ते नोंदवतात. हे सगळे धंद्याची माणसं. मालाची पारख हेच त्यांचं पोट. त्यांचं पाहणं हुकमाचं नव्हतं.

रिक्यूचंच बघा. तो हिदेयोशीच्या पदरी होता, १५८७ मध्ये कितानोला झालेल्या त्या प्रचंड चहामेळ्यात होता, आणि १५९१ मध्ये हिदेयोशीच्याच आज्ञेने त्याला पोट चिरून मरावं लागलं. सत्ता गेली, हिदेयोशीचं घराणं १६१५ मध्ये ओसाकाच्या किल्ल्याबरोबर संपलं. चिगुसा मात्र माणसांच्या हातातून हातात फिरत राहिली. सत्तेचंच मोठेपण असतं तर ते तिथेच संपायला हवं होतं.

---

वाचनमात्र

अवांतर: जपानी म्हटलं की सोन्याने सांधलेली भांडी आठवतात. चिगुसा तशी आहे का?

---

ओसाकावासी

नाही. तिची ओळख सांध्यांची नाही. दुरुस्तीचं खरं थोर उदाहरण हवं असेल तर 'त्सुकुमो नासु' ही चहाची कुपी. १६१५ च्या ओसाका किल्ल्याच्या आगीनंतर किल्ला जिंकणाऱ्या तोकुगावा इएयासूने राखेतून तुकडे शोधायला लावले आणि लाखेचं काम करणाऱ्या कारागिरांनी ते असे जोडले की बाहेरून सांधा दिसू नये. सोनं नाही, दिखावा नाही. क्ष-किरणांनी पाहिल्यावर आतली जोडणी स्पष्ट झाली. तोक्योच्या सेइकादो संग्रहात आहे.

---

पोटोमॅककाठ

मी वॉशिंग्टनच्या जवळच राहतो. २०१४ मध्ये फ्रीअरच्या जोडीच्या सॅकलर दालनात चिगुसाभोवती एक अख्खं प्रदर्शन होतं, ते पाहिलं होतं. नंतर ते प्रिन्स्टनला गेलं. चिगुसा जपानमध्ये शेवटी ओसाकाच्या फुजिता या उद्योगपती घराण्याकडे होती, तिथून पुढे २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावातून इथे आली.

लक्षात राहिलं ते तिचं वस्त्र. एका बाजूला बरणी उघडी, आणि चित्रफितीत तिला नेसवण्याचा विधी. आधी तोंडावर जरीचं वस्त्र, मग तोंडाची दोरी, मग चारही कानांतून रेशमी दोऱ्या ओवून त्यांच्या गाठी. हे करणाऱ्या हातांची गती अशी, की झोपलेल्या मुलाला उठू न देता झबलं चढवावं. माझा मुलगा तेव्हा लहान होता, तो म्हणाला, "हिला थंडी वाजते का?"

पेट्या, वस्त्र, पत्र हे सगळं दालनात एकत्र ठेवलं होतं. मला त्यातून असं जाणवलं की नुसती बरणी आली असती तर निम्मीच आली असती.

---

माळावरची (धागाकर्ती)

@पोटोमॅककाठ, मुलाचा प्रश्न फार आवडला.

सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. भट्टीवाल्यांनी झिलईच्या रेषेबद्दल लिहिलं ते डोक्यातून जात नाही. चहावाले ज्या जागेवर थांबून पाहत, ती जागा कुंभाराने कामाच्या गरजेतून सोडलेली. म्हणजे दोघांची नजर एकाच बोटभर पट्टीवर, मध्ये दोनशे-तीनशे वर्षांचं अंतर.

आता पुढचा प्रश्न. हे सगळं झालं चीनमधून आलेल्या बरणीचं. जपानी कुंभाराने स्वतः चहाची बरणी घडवली, आणि ती पहिल्यापासून बघण्यासाठीच घडवली, असं कुठे झालं का? शिगाराकीचं वर आलं, पण त्या कामाच्या बरण्या.

---

भट्टीवाला

झालं, आणि माझ्या मते तो कळस आहे. नोनोमुरा निन्सेइ, सतराव्या शतकातला. क्योतोत निन्नाजी मंदिराच्या दारापुढे त्याची भट्टी होती. चहाचा जाणकार कानामोरी सोवा त्याला मार्गदर्शन करायचा. चिगुसाच्या कारागिराला नाव नाही, पण निन्सेइ भांड्यावर स्वतःचा शिक्का मारायचा. कुंभाराने आपलं नाव मातीत उठवणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

त्याची वेलीवर लोंबणाऱ्या फुजीच्या (विस्टेरियाच्या) फुलांची चहाची बरणी आतामीच्या एमओए संग्रहालयात आहे, जपानचा राष्ट्रीय ठेवा. उंची २८.८ सेंटीमीटर, चिगुसापेक्षा बरीच लहान. पांढुरक्या अंगावर लाल, जांभळ्या, चंदेरी फुलांचे घोस असे टाकलेत की बरणी फिरवत राहावी, चित्र संपतच नाही. आणि भिंत पाहा. त्या आकाराच्या पोटाला इतकी पातळ भिंत चाकावर उचलणं, मी प्रयत्न करून पाहिलाय, हात थरथरतात. योशिनो डोंगरावरच्या चेरीच्या बहराची फुकुओकात आहे, चंद्र आणि प्लमची तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात. शिकोकू बेटावरच्या मारुगामेचे क्योगोकू सरदार त्याचे मोठे गिऱ्हाईक. फुजीची बरणी त्यांच्याच घराण्यातली.

---

चहामळा

भट्टीवाले, एक विचारतो. निन्सेइच्या त्या बरणीत चहा भरला असेल का कोणी?

---

भट्टीवाला

आकार चहाच्या बरणीचाच, चार कान तेच, ठेवण तीच. पण ती मांडायची वस्तू आहे हे तिच्याकडे बघून कळतं. उजीच्या व्यापाऱ्याकडे दाबून भरायला ती कोण पाठवेल?

---

ओसाकावासी

आणि म्हणूनच मला चिगुसा जास्त जवळची. निन्सेइची बरणी पाहिली की आपण निन्सेइला पाहतो. चिगुसा पाहिली की पानं, उन्हाळा, मोहोर, जात्याचा आवाज हे सगळं आठवतं.

---

तिसरी_घंटा

इथे मी ओसाकावासींशी सहमत, फक्त यादीत मिरवणुकीच्या वाटेवरचे शेतकरीही घ्या.

---

ओसाकावासी

घेतले. आणि उजीतल्या पानं निवडणाऱ्या बायकाही.

---

सांतइनेज

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली चिनी आणि जपानी भांडी आहेत. ज्यांना वॉशिंग्टन, आतामी लांब पडतं त्यांनी तिथे वरच्या मजल्यावर वेळ काढावा. मी आता भट्टीवाल्यांचं वाचून झिलई कुठे थांबते ते बघणार आहे.

---

भट्टीवाला

जरूर बघा, आणि जमलं तर भांड्याचा तळही. काचेच्या कपाटात आरसा ठेवलेला असेल तर वाकून बघा. कुंभाराने भांडं चाकावरून कसं उचललं ते तिथे कळतं.

माझं मत बदललेलं नाही, हे धागाकर्तीला सांगून ठेवतो. चिगुसाच्या तळावर पारख्यांनी शाई लावली, पण ज्या तळावर लावली तो त्याचा आहे.

---

माळावरची (धागाकर्ती)

@भट्टीवाला, मान्य नाही, पण हे वाक्य मला रात्रभर पुरेल. कुचिकिरीच्या सुमाराला ओसाकावासींनी जात्यावर पानं दळण्याबद्दल स्वतंत्र धागा काढावा, ही आग्रहाची विनंती. एवढं हळू का दळतात, ते मला विचारायचंय.

---

ओसाकावासी

काढते. थोडक्यात आत्ताच सांगते, जोरात दळलं तर दगड तापतो आणि चहाचा रंग-वास जातो. बाकीचं नोव्हेंबरात.